वाघ बघून परत जाऊ नका : नागपूरसाठी अडीच दिवसांचा बेत

नागपूरला येणारे बरेच पाहुणे नागपूर बघतच नाहीत. विमानतळावर उतरतात, गाडीत बसतात आणि थेट पेंच, ताडोबा नाहीतर कान्ह्याची वाट धरतात. परतताना संत्रा बर्फीचे दोन डबे घेतले की त्यांचं नागपूर संपतं. माझं सगळं बालपण महाल या इथल्या जुन्या वस्तीत गेलं, त्यामुळे हे बघून दरवेळी हळहळ वाटते. तीनशे वर्षांहून जुनं, गोंड राजाने वसवलेलं, भोसल्यांनी वाढवलेलं हे शहर आहे. इथेच बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. त्याला अडीच दिवस द्यायलाच हवेत.

नागपूर बघताना एक गोष्ट आधी समजून घ्या. इथे एकच मोठा किल्ला किंवा एकच राजवाडा नाही की तो बघितला म्हणजे शहर बघून झालं. बघण्यासारखं आहे ते विखुरलेलं आहे आणि त्याच्या अधेमधे खाणं आहे. त्यात दुपारचं ऊन हिवाळ्यातसुद्धा स्वतःचा वेळ मागून घेतं. म्हणून ठिकाणांची यादी करून इथला बेत जमत नाही, तो घड्याळाच्या हिशेबाने करावा लागतो: सकाळी काय, दुपारी काय, दिवे लागल्यावर काय. पाहुण्यांना फिरवताना मी असाच बेत करतो. तो पायरीपायरीने सांगतो.

आधी तारखा ठरवा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. पहाटे स्वेटर लागतो, दुपारी ऊन कोवळं असतं आणि बाजारात संत्री असतात. एप्रिल आणि मे फिरण्यासाठी नाहीतच. पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि कधी त्याच्याही पुढे. माझी पुण्याची आत्या एकदा मे महिन्यात हौसेने आली. पहिल्याच दुपारी बारा वाजता महालात फिरली आणि पुढचे दोन दिवस कैरीचं पन्हं पीत कूलरसमोर पडून होती. उन्हाळ्यात यावंच लागलं तर सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर जेवढं होईल तेवढंच करा.

हिवाळ्यातसुद्धा एक काळ जपून निवडा, तो म्हणजे विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा. १९५३ च्या नागपूर करारापासून इथे अधिवेशन भरवण्याची बोली आहे आणि ते बहुतेक डिसेंबरात असतं. त्या दिवसांत आमदार, अधिकारी, पत्रकार आणि मोर्चे सगळेच शहरात असतात. खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दर चढलेले असतात आणि सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद असतात. आमच्या एका नातेवाइकांची आगाऊ पैसे भरलेली खोली ऐन वेळी दुसऱ्याला दिली गेली होती आणि रात्री अकरा वाजता आम्हीच त्यांना घरी घेऊन आलो. तेव्हा अधिवेशनाच्या तारखा बघून मगच तिकिटं काढा.

गर्दीसकट शहर बघायचं असेल तर दोन मुहूर्त आहेत. एक दसरा. त्या दिवशी देशभरातून लाखो माणसं दीक्षाभूमीवर येतात आणि सबंध शहर पाहुण्यांना जेवू घालतं. दुसरा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे तान्ह्या पोळ्याचा. त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक मी नागपुरातच बघितली आहे. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोन्ही मारबती समोरासमोर येतात आणि मागे त्या वर्षीच्या चीड आणणाऱ्या गोष्टींचे बडगे, म्हणजे टिंगल करणारे पुतळे असतात. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी एकदा ऐकली की विसरत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र एवढ्या गर्दीत शिरू नका.

शेवटची गोष्ट वाराची. अजब बंगला (मध्यवर्ती संग्रहालय) आणि नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सोमवारी बंद असतात. त्यामुळे शुक्रवारी रात्री निघून शनिवार, रविवार नागपूर आणि सोमवारी रामटेक असा क्रम सोयीचा पडतो.

यायचं कसं, उतरायचं कुठे

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस आणि दुरांतो या रात्रीच्या गाड्या आहेत. संध्याकाळी बसलं की सकाळी नागपूर, म्हणजे एका रात्रीचं हॉटेलभाडंही वाचतं. पुण्याकडूनही रात्रीच्या गाड्या मिळतात. गाडीने येणाऱ्यांना समृद्धी महामार्ग आहे. नागपूर ते ठाण्याजवळचं आमणे अशी त्याची लांबी ७०१ किलोमीटर. रस्ता सरळ आणि काँक्रीटचा असल्यामुळे टायर तापतात आणि चालवणाऱ्याला झापड येते. टायरमधली हवा बघूनच निघा, दर दोन तासांनी थांबा आणि शक्य असेल तर एकट्याने चालवू नका.

रेल्वेने आलात तर घाईने बाहेर पडू नका. पश्चिमेकडून बाहेर येऊन मागे वळा आणि स्टेशनची दगडी इमारत बघा. ती १९२५ ची आहे. तिथून टेकडीचा गणपती हाकेच्या अंतरावर आहे. नागपूरकर नवी गाडी घेतली की आधी इथे येतो आणि परीक्षेचं हॉल तिकीट हातात पडलं की तेव्हाही इथेच येतो. सहलीचा नारळ इथेच फोडा.

मुक्काम सीताबर्डी, रामदासपेठ किंवा धरमपेठेत करा. स्टेशनजवळ, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर खोल्या स्वस्त पडतात, पण रात्री वाहनांचा आवाज फार असतो. सीताबर्डीचा मोठा फायदा म्हणजे मेट्रो. ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मार्गिका तिथे एकमेकींना छेदतात. ऑरेंज मार्गिका खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाते आणि अ‍ॅक्वा लोकमान्य नगरहून प्रजापती नगरकडे. रेल्वे स्टेशनपासून सीताबर्डी दोनच थांब्यांवर आहे. या लेखातली शहरातली बरीचशी ठिकाणं मेट्रो आणि थोडं पायी चालून होतात. रिक्षा करायची तर बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. विमानाने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा की विमानतळाचं मेट्रो स्टेशन टर्मिनलला लागून नाही, मधल्या टप्प्याला वाहन लागतं.

पहिली सकाळ : तर्री पोहे

हॉटेलातला फुकटचा नाश्ता सोडून द्या. सात-साडेसातला बाहेर पडा आणि कस्तुरचंद पार्क, सदर किंवा धरमपेठ, जिथे असाल तिथे गर्दी असलेली पोह्यांची गाडी शोधा. दहा-साडेदहाला चांगल्या गाड्यांवरचं पातेलं रिकामं होतं, म्हणून उशीर नको.

तर्री पोहे आणि घरचे कांदेपोहे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. इथले पोहे मुद्दाम साधे असतात: पिवळे, मऊ, तिखट जवळजवळ नाहीच, वाफेवर ठेवलेले. खरी करामत शेजारच्या पातेल्यात असते. त्यात काळ्या हरभऱ्याचा पातळ रस्सा उकळत असतो आणि त्यावर बोटभर जाडीचा लाल तवंग असतो. गाडीवाला प्लेटमध्ये पोहे घेतो आणि पळीने वरचा तवंग अलगद बाजूला सारतो. मग खालून हरभरे आणि रस्सा उचलतो आणि शेवटी तवंगाची एक पुसट रेघ वरून सोडतो. वर कच्चा कांदा, शेव, सांबार आणि लिंबू. सांबार म्हटल्यावर इडलीबरोबरचं सांबार डोळ्यांसमोर आणू नका. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

अर्धे पोहे संपले की तो विचारतो, “भाऊ, तर्री टाकू अजून?” हो म्हणा. दुसऱ्यांदा तर्री घेतल्याशिवाय हा नाश्ता पुरा होत नाही आणि तिचे वेगळे पैसे सहसा लागत नाहीत. तिखटाची सवय नसेल तर “तवंग कमी टाका” असं आधीच सांगा, कोणी वाईट मानत नाही. तेलाचा हात दिसला नाही, हरभरा टणक लागला किंवा पोहे कोरडे सुटे दिसले तर एका प्लेटवर उठा आणि दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी बघा. तिथेच आलूबोंडाही मिळतो. तोही फोडून त्यावर तर्री घालून खातात. दोन जणांत एक आलूबोंडा पुरे.

नऊ ते एक : सिव्हिल लाइन्स

पोट भरलं की मेट्रोने झिरो माईल फ्रीडम पार्क स्टेशनला उतरा. चार घोड्यांचे पुतळे आणि मधला दगडी खांब, हाच तो झिरो माईल. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याने १९०७ मध्ये उभारलेली ही खूण आहे. लोक घोड्यांबरोबर फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही खांबाखालच्या दगडापाशी थांबून त्यावरची अक्षरं वाचा. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल, तसंच चांदा (आजचं चंद्रपूर), शिवनी, छिंदवाडा. त्या यादीत मुंबई किंवा पुणे शोधू नका. हे शहर तेव्हा कोणत्या दिशांना बघत होतं हे त्या एका दगडावरून कळतं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून नागपूर त्याची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि ते राजधानीपण गेलं. या भागातल्या मोठमोठ्या इमारती, रुंद रस्ते आणि जुनी झाडं हा सगळा त्या काळचा वारसा आहे.

तिथून विधान भवन बाहेरून बघा आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या इमारतीपर्यंत जा. हेन्री मेड या वास्तुकाराने आराखडा केलेली ही इमारत १९४० मध्ये सुरू झाली. आत जाता येणार नाही, पण रस्त्यावरून घुमट आणि कमानी दिसतात आणि तेवढ्यासाठीही फेरी वाया जात नाही.

मग अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ मध्ये सुरू झालेलं हे देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक आहे. दीड तास ठेवा. वेळ कमी असेल तर पेंढा भरलेल्या प्राण्यांचं दालन सोडा आणि शिलालेख, मूर्ती आणि आदिवासी जीवनाचं दालन बघा. गोंडांविषयीच्या वस्तू लक्ष देऊन बघितल्या तर दुसऱ्या दिवशी महालात फिरताना त्यांचा उपयोग होतो.

जवळच सीताबर्डीचा किल्ला आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांच्यात याच टेकडीवर लढाई झाली आणि त्यानंतर भोसल्यांचं राज्य नावापुरतं उरलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने एरवी बंद असतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी तो लोकांसाठी उघडतात. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुटी येत असेल तर सहल तेव्हाच ठेवा, हवाही छान असते.

दुपार : वडाभात, मग सावली

दुपारचं जेवण वऱ्हाडी पद्धतीचं घ्या आणि सावजी दुसऱ्या दिवसावर ठेवा. आज वडाभात. मिश्र डाळींचे जाडसर वाटलेले वडे गरम भातावर कुस्करायचे. वरून मोहरी, हिंग आणि लाल मिरचीची चरचरीत फोडणी घातलेलं तेल. सोबत कढी किंवा ताक. तेल बघून घाबरू नका, कोरडा वडाभात घशाखाली उतरत नाही. गोळाभात मिळाला तर तोही घ्या. त्यात बेसनाचे तिखट गोळे भाताच्याच वाफेवर शिजवलेले असतात. हिवाळा असेल तर पुडाची वडी विचारा. बेसनाच्या पातळ पारीत सांबार, खोबरं आणि खसखस यांचं सारण भरतात, पुडी घडी करून तळतात. सांबार स्वस्त आणि कोवळा असतो त्या दोन-तीन महिन्यांतच तिची खरी चव असते.

जेवणानंतर दोन तास खोलीवर आडवे व्हा. मुलं असतील आणि झोपणार नसतील तर कडबी चौक मेट्रो स्टेशनला जाऊन नॅरोगेज रेल्वे संग्रहालय दाखवा. वाटेत गड्डीगोदामला मेट्रोचा पूल रेल्वेमार्गाच्या आणि उड्डाणपुलाच्याही वरून जातो. खिडकीकडची जागा धरा.

संध्याकाळ : दीक्षाभूमी

ऊन उतरलं की दीक्षाभूमीला निघा. मेट्रोने रहाटे कॉलनीला उतरून पुढे रिक्षा घ्या. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. त्या दिवशी कुशीनाराचे महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून डॉ. आंबेडकरांनी दीक्षा घेतली आणि मग आपल्यासमोर जमलेल्या लाखो लोकांना स्वतः दिली. पांढरे कपडे घालून गावागावांतून चालत आलेल्या माणसांनी त्या दिवशी हे शहर भरून गेलं होतं. मोठा स्तूप खूप नंतरचा, २००१ मध्ये पूर्ण झालेला. त्याची उंची १२० फूट आहे आणि तो आतून पोकळ आहे. बाहेरून आल्यावर आतली शांतता अंगावर येते. तिथे बोलू नका, फोन बंद ठेवा आणि खाली बसा. घाईने प्रदक्षिणा घालून परतण्यासारखी ही जागा नाही. बाहेर बोधिवृक्षाखालीही थोडा वेळ थांबा.

इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी एकच सांगतो, वेळ कमी पडला तर बाकी काहीही गाळा, पण दीक्षाभूमी गाळू नका. फाटकाबाहेर पुस्तकांचे ठेले असतात. बाबासाहेबांची भाषणं आणि छोट्या पुस्तिका तिथे अगदी थोड्या पैशांत मिळतात. दोन-चार घरी न्या.

रात्री हलकंच खा. पहिल्या दिवसाची तर्री आणि वडाभात पोटात असताना आणखी भार नको.

दुसरी सकाळ : महाल आणि चितार ओळी, पायी

गोंड राजा बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा वाड्या एकत्र करून शहर वसवलं. नंतरच्या चाँद सुलतानाने तट बांधला, जुम्मा तलाव केला. पुढे रघूजी भोसल्यांनी इथे राजधानी केली. हे सगळं ज्या दोन-तीन चौरस किलोमीटरमध्ये घडलं ते आजचं महाल आणि इतवारी. इथे गाडी घेऊन शिरू नका. गल्ल्या अरुंद आहेत, वाहन लावायला जागा नाही आणि खिडकीतून दिसण्यासारखं काहीच नाही. सकाळी आठच्या आत पोचा. दुकानं अकराच्या सुमारास उघडतात, त्याआधी घरांचे दर्शनी भाग आणि लाकडी खांब मोकळे दिसतात.

सुरुवात गांधीसागरपासून करा. हाच तो जुम्मा तलाव, पुढे शुक्रवारी तलाव झाला आणि आता गांधीसागर. काठाने चालत गांधी गेटपाशी या. जुन्या तटाचं उरलेलं हे शुक्रवारी दरवाजाचं रूप आहे. त्याच्या कमानीखालून आजही सायकली, रिक्षा आणि शाळेची मुलं जातात. मी चौथीत असल्यापासून रोज त्याच कमानीखालून गेलो. दरवाज्याच्या जाडीकडे बघा. दोन्ही हात पसरूनही ती मावत नाही. आत गेलं की महाल सुरू होतं. कल्याणेश्वराचं देऊळ, भोसल्यांचा वाडा, टिळक पुतळा, बडकस चौक. वाडे खासगी आहेत, त्यामुळे दारातूनच बघा आणि आत कोणी दिसलं तर विचारूनच फोटो काढा. “पुण्याहून आलो, वाडा बघायचा होता” असं नीट सांगितलं तर पुष्कळदा चहाच समोर येतो.

तिथून चितार ओळीकडे वळा. याच नावाचं मेट्रो स्टेशनही आहे, परतताना ते सोयीचं पडतं. इथे मूर्तिकारांची घरं आहेत. गणपती-नवरात्राच्या आधीच्या दोन महिन्यांत आलात तर पूर्ण गल्ली मातीच्या ओल्या वासाने भरलेली असते. तणसाचा सांगाडा, त्यावर मातीचा लेप, ती वाळली की भेगा बुजवायच्या, मग पांढरा हात, मग रंग. डोळे सगळ्यांत शेवटी. डोळे लिहिताना कारागीर श्वास रोखून धरतो, तेव्हा त्याच्याशी बोलू नका. हात खाली आल्यावर बोला, मग तो मनापासून सांगतो. पोळ्याआधी इथेच लाकडाचे नंदी मिळतात. तान्ह्या पोळ्याला मुलं ते ओढत घरोघरी जातात. घरी न्यायला संत्रा बर्फीपेक्षा मला हा नंदी जास्त आवडतो.

पुढे इतवारीची सराफा ओळ आणि गांधीबागचा कापडबाजार आहे. खरेदी करायची असेल तरच जा.

सावजी दुपारीच खावं

बहुतेक पाहुणे सावजी रात्री खातात आणि दुसऱ्या दिवशीचा बेत बिघडवून बसतात. माझं मत पक्कं आहे: सावजी दुपारी, भरपूर चालून झाल्यावर, आणि पुढे दोन तास काही ठेवायचं नाही.

हा स्वयंपाक हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आला. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसांचं हे तेज जेवण. पूर्वी ते जवसाच्या तेलात होत असे. गिरण्या आल्या (टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला इथेच सुरू झाली), हातमाग मागे पडले आणि पुष्कळ घरांनी खानावळी काढल्या. म्हणून आजही चांगलं सावजी भोजनालय म्हणजे बहुधा एखाद्या गल्लीतलं साधं घर असतं: बाहेर पाटी, आत सहा टेबलं, भिंतीवर देवाचा फोटो. झगमगाट बघून जागा निवडू नका. दुपारी साडेबाराला कामावरची माणसं कुठे बसली आहेत ते बघा.

रस्सा काळपट तपकिरी असतो. तो रंग भाजलेल्या मसाल्याचा. धणे, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल असे कितीतरी जिन्नस वेगवेगळे भाजून एकत्र वाटलेले असतात आणि रस्सा दाट व्हायला ज्वारी लावतात. तिखट जिभेवर लगेच कळत नाही, चार घास झाले की कानामागे घाम येतो. त्यामुळे पहिल्या घासाला “एवढं काही तिखट नाही” म्हणून रस्सा ओरपू नका. पहिल्यांदा येत असाल तर अर्धी प्लेट मागवा. भाकरी कुस्करून घ्या, कांदा आणि लिंबू हाताशी ठेवा आणि पाणी कमी प्या, पाण्याने आग वाढते. मटण, कोंबडी, खिमा सगळं असतं. शाकाहारी माणसांनीही मागे राहू नये. पाटोडी रस्सा म्हणजे थापलेल्या बेसनाच्या वड्या त्याच रश्शात सोडलेल्या, आणि डाळकांदा हे दोन्ही मला मटणाइतकेच आवडतात. ज्यांना आम्लपित्ताचा किंवा अल्सरचा त्रास आहे त्यांनी मात्र हौस करू नये. त्यांच्यासाठी शहरात पिठलं-भाकरी आणि वरण-भात पुष्कळ ठिकाणी मिळतो.

कुठे लांब रोटी दिसली तर जेवण झालेलं असलं तरी थांबा. चुलीवर मडकं पालथं घातलेलं असतं. बाई सैलसर, खूप मळलेल्या कणकेचा गोळा उचलते, या हातावरून त्या हातावर झोके देत कोपरापर्यंत लांबवते आणि एका झटक्यात मडक्यावर टाकते. पारदर्शक होईस्तोवर पातळ, तरी फाटत नाही. एवढं करायला तिला पंधरा सेकंद लागतात. गरम रोटी घडी करून कागदात मिळते. ती रश्शाबरोबरच खायची असते.

दुपारची झोप झाली की संध्याकाळी फुटाळा तलावावर जा. सूर्य पाण्याच्या बाजूला मावळतो आणि काठावर भाजलेलं कणीस मिळतं. यापलीकडे त्या संध्याकाळी काही ठरवू नका.

उरलेला अर्धा दिवस : रामटेक

शहरापासून साधारण ५० किलोमीटर, जबलपूरच्या वाटेवर. गणेशपेठ बसस्थानकावरून एसटी मिळते. चार जण असाल तर गाडी ठरवा, म्हणजे वाटेत मनसरला थांबता येतं. सकाळी सहाला निघा, दुपारी दोनला परत या.

मनसरला हिडिंबा टेकडीवर उत्खननात वाकाटककालीन विटांचं मोठं बांधकाम निघालं आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या प्रवरपूर या राजधानीशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. इथे अर्धा-पाऊण तास पुरतो. विटांवर चढू नका.

रामटेकच्या गडावर वरपर्यंत गाडी जाते, पण पायात बळ असेल तर अंबाळा तलावाकडच्या पायऱ्यांनी चढा. तलावाभोवती छोटी देवळं आहेत आणि पहाटे पाण्यावर धुकं असतं. गडावर एकामागून एक दरवाजे लागतात. वाटेत वराहाची प्रचंड मूर्ती आहे, तिच्या पोटाखालून भाविक सरपटत जातात. जो अडकला त्याचं पाप जास्त, अशी समजूत. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन मंदिरं वाकाटकांच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकातली आहेत. बरेच लोक रामाचं दर्शन घेऊन त्यांच्या शेजारून न बघता निघून जातात. महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या सर्वांत जुन्या दगडी मंदिरांत त्यांची गणना होते, तेव्हा आवर्जून जा. कालिदासाच्या मेघदूतातल्या यक्षाचा रामगिरी तो हाच, हे मत इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी नागपुरातच बसून मांडलं. माथ्यावरून खालची शेतं आणि तलाव बघताना ते पटतं. माकडं फार आहेत, प्रसादाची पिशवी हातात उघडी धरू नका आणि चष्मा सांभाळा.

परतताना वेळ उरला तर कामठीला ड्रॅगन पॅलेस बघा. १९९९ साली उभं राहिलेलं हे बुद्धमंदिर फार शांत आणि स्वच्छ आहे.

निघताना : संत्री

संत्र्याचे दोन हंगाम असतात. आंबिया बहार साधारण नोव्हेंबर ते जानेवारी आणि मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिल. आंबियाचं फळ आंबटगोड आणि मृगाचं जास्त गोड. स्टेशनच्या पूर्वेकडे संत्रा मार्केट आहे, गाडीला तास-दीड तास असेल तर तिथेच घ्या. रंगावर जाऊ नका, किंचित हिरवट फळही आतून गोड निघतं. हातात घेऊन वजन बघा: आकाराच्या मानाने जड असलेलं रसाळ. फार फुगलेलं, सालीखाली पोकळ लागणारं परत ठेवा. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल असते, पण पोकळी वेगळी आणि सैल साल वेगळी, दोन-चार फळं हाताळली की फरक कळतो. एक सोलून चाखायला मागा, विक्रेते देतात. रेल्वेत न्यायची तर भोकं असलेल्या खोक्यात, मधे पेपर घालून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली तर मुंबई येईपर्यंत खालच्या थराला पाणी सुटतं.

संत्रा बर्फी शेवटच्या दिवशीच घ्या आणि डब्यावरची तारीख बघून घ्या. ताजी बर्फी मऊ असते आणि तिच्यात संत्र्याचे धागे जिभेला लागतात.

गाडी रात्रीची असेल तर स्टेशनवर जाण्याआधी, संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास पोह्यांच्या गाड्या पुन्हा लागलेल्या असतात. डबा बरोबर ठेवा. पोहे आणि तर्री वेगवेगळी बांधून मागा आणि तर्रीच्या पिशवीला दोन गाठी मारायला सांगा.